आरोपीचे हक्क आणि आपण

(संविधान दिनानिमित्त संस्थेच्या हायस्कूलमध्ये पालक व माजी विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



संविधान दिनाला मूलभूत हक्कांवर बोलावे अशी सूचना चिटणीस साहेबांनी केली, तेव्हा मी त्यांना एक विनंती केली. म्हटले, सगळ्या हक्कांवर बोलायला मला लावू नका. समतेचा हक्क, शिक्षणाचा हक्क, कलम ३० खाली आपल्यासारख्यांनी संस्था चालविण्याचा हक्क, यांवर या व्यासपीठावरून पुष्कळ बोलले गेले आहे आणि पुढेही बोलले जाईल. मला एका अशा माणसाच्या हक्कांविषयी बोलू द्या, की ज्याच्या बाजूने उभे राहायला सहसा कोणी तयार नसते. तो माणूस म्हणजे आरोपी. साहेब क्षणभर थांबले. "विषय जरा अवघड आहे," म्हणाले. मग म्हणाले, "बोला." त्यांचा मी आभारी आहे.

मी वकील नव्हे. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकविणारा साधा बी.ए., बी.एड. शिक्षक आहे. तेव्हा हा विषय मी का घेतला ते आधी सांगितले पाहिजे, आणि त्यात माझी थोडी फजिती आहे, तीही सांगितली पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रात्री अकराच्या सुमारास दाराची कडी वाजली. आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची आई उभी होती. मुलगा मोबाईल दुरुस्तीचे दुकान चालवायचा. "सर, उसको ले गये," एवढेच ती म्हणाली. कोणी नेले, कशासाठी नेले, काही माहीत नाही. "तुम्ही शिकलेले आहात, चला." मी गेलो. ठाण्यात बाकावर दीड तास बसलो. शेवटी एक साहेब आले, तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि हात जोडून विचारले, "साहेब, कधी सोडणार?" ते म्हणाले, "चौकशी चालू आहे, उद्या या." मी बरे म्हणालो आणि परत आलो.

मुलगा दोन रात्री आत होता. तिसऱ्या दिवशी दुपारी सोडला. हातात कागदाचा कपटा नाही. मात्र एका कोऱ्या कागदावर त्याची सही घेतली होती. "मारले का?" असे मी त्याला विचारले. तो काही बोलला नाही. त्याने नुसते दोन्ही हात पाठीमागे नेले.

आता खरे सांगायचे तर मुलगा अगदी निर्दोष होता असेही नाही. त्याने बिलाशिवाय घेतलेला एक मोबाईल चोरीचा निघाला होता. त्याबद्दल त्याला विचारणे हे पोलिसांचे कामच होते. माझी तक्रार त्याबद्दल नाही. माझी तक्रार, खरे म्हणजे, माझ्याविरुद्ध आहे. त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात मूलभूत हक्क शिकविले होते. "अटक केलेल्या व्यक्तीला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशासमोर उभे केले पाहिजे" हे वाक्य मी फळ्यावर लिहिले होते, मुलांनी ते वहीत उतरवून घेतले होते. आणि ठाण्यात उभे राहिल्यावर त्यातले एक अक्षर माझ्या तोंडून निघाले नाही. जे वाक्य केवळ दोन गुणांच्या प्रश्नासाठी शिकवले जाते, ते ऐन वेळी आठवत नाही. त्यानंतर मी या कलमांचा इतिहास वाचायला लागलो.

त्या इतिहासात मला पहिल्यांदा भेटले ते काझी सय्यद करीमुद्दीन. मध्य प्रांत व वऱ्हाडातून घटना समितीवर गेलेले हे सदस्य. आपल्या विदर्भातला माणूस, आणि आपल्यापैकी किती जणांना हे नाव माहीत आहे? डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी एक दुरुस्ती मांडली : योग्य कारणाशिवाय कोणाच्याही घराची, कागदपत्रांची, अंगाची झडती होऊ नये, ही हमी घटनेतच असावी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही दुरुस्ती स्वीकारायची तयारी दाखविली होती. तरीही मतदानाच्या गोंधळात ती शेवटी नामंजूर झाली. म्हणून आज आपल्या मूलभूत हक्कांत झडतीविषयी स्वतंत्र शब्द नाहीत.

त्याच महिन्यात कलम १५ वर, म्हणजे आजच्या कलम २१ वर, मोठा वाद झाला. "कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज" कोणाचे जीवित वा स्वातंत्र्य हिरावून घेता येणार नाही, असा मसुदा होता. करीमुद्दीन साहेबांचा आक्षेप साधा होता. कायदेमंडळाने वाटेल तो कायदा करावा, वाटेल ती पद्धत ठरवावी, आणि न्यायालयाने ती पद्धत पाळली एवढेच पाहून गप्प बसावे, असे यातून होईल. कायदा न्याय्य आहे काय, हे पाहण्याचा अधिकार न्यायालयाला हवा. मद्रासचे महबूब अली बेग यांनीही अशीच दुरुस्ती मांडली. आंबेडकरांनी दोन्ही बाजूंचे धोके सभागृहापुढे ठेवले आणि निर्णय सभागृहावर सोडला. दुरुस्त्या पडल्या.

पण बाबासाहेबांच्या मनाला ती गोष्ट लागून राहिली असावी. १५ सप्टेंबर १९४९ रोजी त्यांनी स्वतः एक नवे कलम, १५-अ, सभागृहात आणले. आधीच्या कलमात जे राहून गेले त्याची काही भरपाई व्हावी म्हणून आपण हे आणत आहोत, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. हेच आजचे कलम २२. अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. या गोष्टी फौजदारी कायद्यात आधीच होत्या. मग घटनेत कशाला? तर कायदेमंडळाला साध्या बहुमताने त्या काढून टाकता येऊ नयेत म्हणून.

याच कलमाच्या उत्तरार्धात प्रतिबंधक स्थानबद्धताही आहे, हे विसरून चालणार नाही. त्या तरतुदीखाली ज्याला धरतात त्याला हे पहिले हक्क तसेच्या तसे मिळत नाहीत. महावीर त्यागी यांनी त्या वेळी सुनावले होते की, मसुदा समितीच्या सभासदांनी तुरुंगवास भोगला असता तर बरे झाले असते!

यापुढची हकीगत फाजल अलींची. हे नाव ऐकले की आपल्या महाराष्ट्रात द्वैभाषिक मुंबई राज्य आणि संयुक्त महाराष्ट्राचा लढा आठवतो. राज्य पुनर्रचना आयोगाचे अध्यक्ष म्हणून त्यांच्यावर आपण मराठी माणसांनी पुष्कळ राग धरला. पण त्याआधी, १९५० साली, ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात बहुमताने निकाल दिला की, कलम २१ मधील कायदा म्हणजे कायदेमंडळाने केलेला कायदा, त्याची न्याय्यता पाहण्याचे कारण नाही. करीमुद्दीन साहेबांना वाटलेली भीती खरी ठरली. न्या. सय्यद फाजल अली यांनी वेगळे मत नोंदविले. त्यांच्या मते, माणसाचे म्हणणे ऐकून घेणे यांसारखी न्यायाची मूलतत्त्वे त्या शब्दांतच अंतर्भूत आहेत. मत एकाकी पडले. पण २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कार्यपद्धती न्याय्य, रास्त आणि वाजवी असलीच पाहिजे. जे १९४८ साली मतदानात हरले ते तीस वर्षांनी न्यायालयाच्या दाराने परत आले. मधल्या काळात आणीबाणी होऊन गेली होती, आणि १९७६ साली याच न्यायालयाने स्थानबद्धांना न्यायालयात दादच मागता येणार नाही असे म्हटले होते, हेही नमूद केले पाहिजे. ४४ व्या घटनादुरुस्तीने नंतर पक्के केले की आणीबाणीतसुद्धा कलम २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत.

कलम २० मध्ये तीन गोष्टी आहेत. कृत्य केले तेव्हा जो गुन्हा नव्हता त्याबद्दल नंतर कायदा करून शिक्षा नाही. एकाच गुन्ह्याबद्दल दोनदा खटला व शिक्षा नाही. आणि तिसरी, आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची : आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. ओरिसाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या १९७८ च्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीतही आहे, फक्त कोर्टाच्या पिंजऱ्यातच नव्हे. २०१० साली असेही ठरले की, नार्को चाचणी माणसाच्या इच्छेविरुद्ध करता येणार नाही. आणि पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. १८७२ च्या इंग्रजी अमदानीतल्या पुरावा कायद्यात हे होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेतलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कलम २३ मध्ये ते आहे. विचार करा, पोलिसांपुढच्या कबुलीवर परक्या सरकारचाही विश्वास नव्हता! मात्र कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून त्या कोऱ्या कागदावरच्या सहीची मला अजून धास्ती वाटते.

इथे कोणीतरी मनात म्हणत असेल, मास्तर, तुम्ही चोरांचे हक्क सांगता, ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. माझ्या स्वतःच्या घरी चोरी झाली तेव्हा मीही संशयिताला चार फटके द्यावेत अशाच मताचा होतो. पण फटक्यांनी सापडतो तो कबूल करणारा, चोर सापडेलच असे नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत बॉम्बस्फोट होऊन १८० हून अधिक माणसे मेली. त्यात सर्व धर्मांचे, रोज डब्यात उभ्याने प्रवास करणारे लोक होते. विशेष न्यायालयाने २०१५ साली १२ जणांना दोषी धरले, पाच जणांना फाशी सुनावली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्व १२ जणांना निर्दोष ठरविले. मोक्का कायद्याखालचे कबुलीजबाब न्यायालयाला विश्वसनीय वाटले नाहीत. (या कायद्यात वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली पुरावा म्हणून चालते, हा त्याचा अपवाद.) तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत आधार म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठविले नाही. या निकालाने त्या १२ जणांची तुरुंगात गेलेली वर्षे परत येत नाहीत, हे तर झालेच. पण ज्या आईचा मुलगा त्या डब्यात गेला, तिला १९ वर्षांनी काय मिळाले? आरोपीचे हक्क पायदळी तुडविले की फिर्यादीचेही नुकसान होते, हे मला त्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना जितके कळले तितके पुस्तकातून कळले नव्हते.

आणि उलट बाजूचे उदाहरण घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातला कसाब. साऱ्या जगाने ज्याच्या हातातली बंदूक पाहिली होती, त्यालाही सरकारी खर्चाने वकील दिला गेला, खटला चालला, अपिले झाली. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी त्याची फाशी कायम केली. त्याच निकालपत्रात न्यायालयाने देशातल्या सर्व दंडाधिकाऱ्यांना बजावले की, आरोपीला पहिल्यांदा समोर आणतील तेव्हाच "तुला वकिलाचा हक्क आहे, पैसे नसतील तर सरकार देईल" हे त्याला सांगणे तुमचे कर्तव्य आहे. आजही एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी उचललेला पोरगा त्या वाक्याचा लाभधारक आहे.

आपल्या धर्मशास्त्राचे जाणकार इथे बसले आहेत, त्यांच्यापुढे मी काय सांगावे! पण दाव्याचा पुरावा दावा करणाऱ्याने द्यावा आणि संशय उत्पन्न झाला की हद्दची सजा टळावी, हे तत्त्व फिकहमध्येही आहे. तेव्हा ही सारी पाश्चात्त्यांची फॅशन आहे असे कोणी म्हणू नये.

गरिबाच्या दृष्टीने मात्र अडचण कायद्यात कमी आणि कागदात व पैशात जास्त आहे. १९७९ साली बिहारच्या तुरुंगांतून हुसैनआरा खातून व इतर कैद्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात आला. जो गुन्हा सिद्ध झाला असता त्याच्या शिक्षेपेक्षाही जास्त वर्षे माणसे खटल्याविना आत होती. जलद खटला हा कलम २१ चाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले. तरीही २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी होते. मोतीराम नावाच्या एका गवंड्याचा १९७८ चा खटला आहे. दंडाधिकाऱ्याने त्याच्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला आणि भावाचा जामीन नाकारला, का, तर भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात! सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरविले. आपल्या मोहल्ल्यातले किती जामीनदार आजही अशाच कारणांनी परत येतात, ते वकील मंडळी सांगतील.

शिक्षकांना गंमत वाटेल असा एक खटला सांगतो. त्याच वर्षीच्या होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यातला आरोपी विद्यापीठातला प्राध्यापक, पीएच.डी. झालेला, आणि आरोप काय, तर दुसऱ्या विद्यापीठाच्या खोट्या पदव्या छापवून घेण्याचा प्रयत्न! त्याला अपील करायला चार वर्षांवर उशीर झाला, कारण निकालाची प्रत हाती पडली नाही असे त्याचे म्हणणे. अशा माणसाच्या खटल्यातून निघालेला नियम असा की, शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत मोफत द्यावी आणि अपिलासाठी वकील द्यावा. हक्क सज्जनांच्याच खटल्यांतून जन्मतात असे नाही.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो १९८३ चा शीला बारसे यांचा खटला. बारसे या पत्रकार. मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात त्यांनी १५ स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. बारसेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. न्यायालयाने सांगितले की, स्त्रियांच्या कोठडीवर स्त्री पोलीस असाव्यात, स्त्रीची चौकशी स्त्री पोलिसांच्या उपस्थितीतच व्हावी. आणि पुढे असेही सांगितले की, अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून प्रत्येक कोठडीत लावावेत, आणि आरोपीला समजेल त्या भाषेत वाचून दाखवावेत. मराठीत! या आदेशालाही चाळीस वर्षे होऊन गेली. मी त्या रात्री दीड तास भिंतींकडे पाहत बसलो होतो. निदान माझ्या बाकावरून मला असा कागद दिसला नाही.

आता थोडे व्यवहाराचे. १९९६ सालच्या डी. के. बसू निकालातल्या ११ सूचनांपैकी बहुतेक आता कायद्यातच आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटकेचा पंचनामा झाला पाहिजे. त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. नातेवाइकाला कळविले पाहिजे. वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. चौकशीच्या काळात वकिलाला भेटता येते, पूर्ण वेळ जवळ बसविता येत नाही. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवाद सोडता, अटक करता येत नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे २०१४ च्या अर्नेशकुमार निकालाने बजावले आहे. अशी नोटीस आली तर ती टाळू नका. जाऊन हजर राहा, पोच घ्या. नोटीस टाळणाऱ्याला अटकेचे संरक्षण राहत नाही. दोषारोपपत्र गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत आले नाही तर जामीन हा हक्क होतो, पण तो मागावा लागतो. ६१ वा किंवा ९१ वा दिवस वकिलाच्या लक्षात राहिला नाही आणि त्या संध्याकाळी दोषारोपपत्र दाखल झाले, की हक्क गेला. दहशतवादविरोधी कायद्यांत ही मुदत वाढू शकते आणि तिथे जामिनाची वाट फार अरुंद आहे, याचीही कल्पना असू द्या.

अटकेची कारणे नुसती तोंडी सांगून भागत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबईतल्या एका अपघाताच्या खटल्यावरून आलेल्या अपिलात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, कोणत्याही गुन्ह्यात ही कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत दिली पाहिजेत. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी गप्प बसू नये. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचे कार्यालय असते. फोनचा क्रमांक १५१०० आहे. मुलांनो, हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हा परीक्षेत येणार नाही.

त्या मुलाची आई आज इथे समोर बसली आहे. मागच्या महिन्यात ती मला म्हणाली, "सर, तुम्ही आता एवढे वाचता, तर सांगा, त्या रात्री काय विचारायला हवे होते?" मी पुष्कळ विचार केला. वकिली भाषा मला तेव्हाही आली नसती. पण मी विचारायला हवे होते ते एवढेच : "साहेब, याला अटक केली आहे की नुसते बोलावले आहे? अटक केली असेल तर किती वाजता, आणि तशी नोंद झाली आहे का?" कारण चोवीस तास मोजायचे ते त्या वेळेपासून. बोलावलेच असेल तर त्याला घरी जाता आले पाहिजे. तो प्रश्न मी मोठ्याने, चार लोकांसमोर, अदबीने पण खुर्चीवर बसून विचारायला हवा होता.

दर शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी आणि आपलेच एक माजी विद्यार्थी, जे आता वकिली करतात, संस्थेच्या वाचनालयात बसतो. घटनेची मराठी प्रत तिथे ठेवली आहे. कोणाचे काही कागद असतील, नोटीस असेल, जामिनाचा अर्ज अडला असेल, तर घेऊन या. फी नाही. चहा मात्र मागच्या टपरीवरून तुम्हालाच आणावा लागेल.